विटेकऱ्यांचा इतिहास : हातात शस्त्र होते, मग हक्क का नव्हता?

बाबासाहेबांनी १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी जे भाषण लिहिले आणि जे त्यांना करू दिले गेले नाही, त्यात एक प्रश्न आहे. जगात इतरत्र पिळलेल्या माणसांनी बंड केले, क्रांत्या झाल्या; भारतात का झाल्या नाहीत? त्यांचे उत्तर असे की चातुर्वर्ण्याने खालच्या माणसाला शस्त्रापासून तोडले, शिक्षणापासून तोडले आणि संपत्तीपासूनही तोडले. युरोपातल्या दुबळ्याकडे निदान सैन्यात जाण्याची मोकळीक होती, राजकीय हत्यार होते, शिक्षण होते. आपल्याकडच्या शूद्र-अतिशूद्रांकडे यातले काहीच ठेवले नव्हते, म्हणून गुलामी हेच नशीब आहे असे तो मानत राहिला.

या मांडणीवर हल्ली एक आक्षेप हमखास घेतला जातो, आणि घेणारे शिकलेले असतात. ते विचारतात, भिल्ल काय निःशस्त्र होते? रामोशी, बेरड निःशस्त्र होते? महार तर किल्ल्याच्या घेऱ्यावर पहारा करत होते, मोहिमांवर जात होते. मग आंबेडकर म्हणतात तशी शस्त्रबंदी होती कुठे? आमच्या जळगाव-धुळ्याकडे या आक्षेपाला आणखी धार येते, कारण सातपुड्यातल्या भिल्लाच्या घरात तीर-कामठा नाही असे म्हणायला कोणी धजणार नाही.

आक्षेप वरवर बिनतोड आहे. त्याला भावनेने उत्तर देऊन उपयोग नाही. मला वाटते त्याचे उत्तर एका अगदी दुर्लक्षित सैनिकाकडे आहे. जुन्या जगातल्या जवळजवळ प्रत्येक फौजेत तो होता आणि जवळजवळ प्रत्येक इतिहासात तो समासात आहे. हा सैनिक म्हणजे फेकायचा भाला घेऊन पळत पुढे जाणारा, चिलखत नसलेला, हलका पायदळी.

आपल्या भाषेत त्याला शब्द आहे. दोरी बांधलेल्या फेकायच्या भाल्याला मराठीत विटा म्हणतात आणि तो वापरणारा तो विटेकरी. फेकायचा आणि दोरीने मागे खेचायचा. कोल्हापूरकडच्या मर्दानी खेळात तो अजून बघायला मिळतो. आखूड भाल्याला बरची म्हणायचे. आज मात्र भालाफेक म्हटले की डोळ्यांपुढे नीरज चोप्रा येतो आणि २०२१ चे टोकियोचे सुवर्णपदक येते. खेळ म्हणून भाल्याला मान जुनाच आहे. प्राचीन ग्रीकांच्या ऑलिंपिकमध्येसुद्धा तो होता. तोच भाला रणांगणावर हातात आला की माणसाची पायरी खाली का जात होती, हे मात्र कोणी विचारत नाही.

कारण साधे आहे आणि ते आर्थिक आहे. ग्रीसमध्ये जो 'खरा' सैनिक समजला जाई, तो जड पायदळातला. त्याची मोठी गोल ढाल, काशाचे शिरस्त्राण, छातीवरचे चिलखत, लांब भाला, हे सगळे त्याने स्वतःच्या पैशाने आणायचे. म्हणजे शेत असलेला, दोन पैसे बाळगून असलेला नागरिक. ज्याला हे परवडत नाही त्याच्याकडे काय? रानातली काठी, तिच्या टोकाला वीतभर लोखंड, वेताची कातडे मढवलेली हलकी ढाल. काहींकडे ती ढालही नाही, नुसते दगड. त्याला 'हलके' म्हणायचे ते तो कमी उपयोगाचा म्हणून नव्हे, त्याच्या अंगावर काही नव्हते म्हणून. गरिबीलाच लष्करी भाषेत हलके पायदळ असे नाव पडले, असे म्हटले तर फार चूक होणार नाही.

आणि हे गरिबाचे हत्यार कमअस्सल नव्हते. भाल्याच्या दांड्याला चामड्याची वादी गुंडाळायची, तिचा फास बोटात अडकवायचा आणि फेकायचे. वादी सुटताना भाल्याला गिरकी मिळते; तो लांब जातो आणि सरळ जातो. जड चिलखतवाल्याने धावून यावे तर हा मागे पळणार. तो दमून परतला की हा पुन्हा पुढे. डोंगर, झाडी, उतार हे त्याचे घर. ही युक्ती त्याला कोण्या आचार्याने शिकवली नव्हती. शेरडे-मेंढरे राखताना, शिकार करताना, लांडगा हाकलताना ती अंगात मुरली होती.

आता हा माणूस होता कोण? उत्तर ग्रीसमध्ये सर्वांत ठसठशीत मिळते. इ.स.पूर्व ४७९ मध्ये प्लाटियाच्या मैदानात इराणी फौजेशी निर्णायक लढाई झाली. हेरोडोटस सांगतो की स्पार्टाचे ५,००० नागरिक सैनिक होते आणि प्रत्येकाबरोबर ७ हेलॉट, म्हणजे ३५,००० हेलॉट, हलक्या शस्त्रांनिशी. हेलॉट म्हणजे स्पार्टाने जिंकून जमिनीला जखडलेली रयत. शेत तेच कसणार, धान्य तेच पिकवणार आणि अर्धपोटी राहणार. दरवर्षी स्पार्टाचे अधिकारी हेलॉटांविरुद्ध रीतसर युद्ध पुकारत, म्हणजे एखाद्याला मारले तर पाप लागू नये. ज्यांना धर्मशास्त्राने केलेल्या व्यवस्था समजतात त्यांना ही सोय चटकन कळेल.

लढाई जिंकली. मग मेलेल्यांना पुरायचे आले. हेरोडोटसने लिहून ठेवले आहे की स्पार्टाने तीन वेगळ्या कबरी केल्या, आणि त्यातली एक हेलॉटांची. एकाच मैदानावर, एकाच शत्रूशी लढून, एकाच दिवशी मेलेली माणसे. माती मात्र वेगळी. आपल्या गावांतल्या दोन स्मशानांची, दोन रस्त्यांची सवय असलेल्या वाचकाला मी यापुढे काही सांगायची गरज नाही.

यापेक्षा भयंकर गोष्ट थ्युसिडिडीस सांगतो. स्पार्टाने एकदा हेलॉटांत दवंडी दिली की ज्यांनी युद्धात आमच्यासाठी सर्वांत मोठा पराक्रम केला असे ज्यांना वाटते त्यांनी पुढे यावे, त्यांना स्वतंत्र करू. सुमारे २,००० जण निवडले गेले. त्यांच्या डोक्यावर माळा घातल्या, देवळांना प्रदक्षिणा घडवली. आणि थोड्याच दिवसांत ते सगळे नाहीसे झाले. कोण कसा मेला हे कोणालाच कळले नाही. स्पार्टाचा हिशेब सरळ होता. जो स्वातंत्र्यासाठी सर्वांत आधी पुढे येईल, तोच उद्या सर्वांत आधी बंड करील. हातात शस्त्र देऊन लढवून घ्यायचे आणि शस्त्र चालवता आले हाच गुन्हा धरायचा.

त्याच काळात दुसऱ्या बाजूलाही एक धडा मिळत होता. इ.स.पूर्व ४२६ मध्ये अथेन्सचा सेनापती डेमोस्थेनिस ईटोलिया नावाच्या डोंगराळ मुलखात शिरला. तिथले लोक तटबंदी नसलेल्या विखुरलेल्या खेड्यांत राहणारे, हलक्या शस्त्रांचे. त्यांना जिंकणे सोपे जाईल असे अथेन्सला सांगण्यात आले होते. ते लोक डोंगरावरून उतरले, भाले फेकले, मागे पळाले, पुन्हा आले. अथेन्सच्या तिरंदाजांचा प्रमुख पडला, बाण संपत आले, वाटाड्या मारला गेला. पळताना फौज वाट चुकून रानात शिरली आणि ईटोलियनांनी रान पेटवून दिले. अथेन्सचे १२० जड सैनिक तिथे मेले. सातपुडा पाहिलेल्या माणसाला ही लढाई समजायला नकाशा लागत नाही.

डेमोस्थेनिस मात्र शिकला. पुढच्याच वर्षी, इ.स.पूर्व ४२५ मध्ये, स्फॅक्टीरिया बेटावर स्पार्टाचे ४२० जड सैनिक अडकले तेव्हा त्याने हेच तंत्र त्यांच्यावर वापरले. तिरंदाज, भालाफेके आणि जहाजांवरचे वल्हे मारणारे सुद्धा, हाताला मिळेल ते घेऊन. स्पार्टाचा सैनिक शरण येत नाही अशी सगळ्या ग्रीसची समजूत होती; त्या दिवशी २९२ जण जिवंत पकडले गेले, त्यातले सुमारे १२० अस्सल स्पार्टन नागरिक. नंतर एका कैद्याला कोणी टोमणा मारला की तुमच्यातले शूर ते मेलेच ना? त्यावर तो म्हणाला की शूर आणि भेकड ओळखून लागेल असा बाण असता तर त्याची किंमत मोठी झाली असती. बाणासाठी त्याने जो शब्द वापरला त्याचा अर्थ सूत काततात ती चाती असाही होतो. म्हणजे हरल्यावरसुद्धा त्याची तक्रार हीच की आम्हाला बरोबरीच्या माणसांनी हरवले नाही. शंबुकाने तप केले तर अधर्म, आणि हलक्या माणसाने लांबून मारले तर भेकडपणा. शौर्याची व्याख्या करणारा कोण आहे ते आधी पाहावे!

इ.स.पूर्व ३९० मध्ये कॉरिंथजवळ लेखायनला इफिक्राटीसच्या भालाफेक्यांनी स्पार्टाची सुमारे ६०० जणांची पलटण उघड्यावर गाठून तिचे २५० च्या आसपास सैनिक मारले. तेव्हापासून या सैनिकाची गरज सगळ्यांनीच मान्य केली. अलेक्झांडर इ.स.पूर्व ३२६ मध्ये झेलमच्या काठी आला तेव्हा त्याच्या फौजेत बाल्कनच्या डोंगराळ भागातले ॲग्रियन भालाफेके होते. पोरसच्या हत्तींना सामोरे जायला हलके पायदळच लागले. नाव मात्र अलेक्झांडरचे झाले. त्या भालाफेक्यांतल्या किती जणांची नावे आपल्याला माहीत आहेत?

रोमची गोष्ट थोडी वेगळी आहे, आणि माझ्या मते आपल्या प्रश्नाची किल्ली तिथे आहे. पॉलिबियस लिहितो की रोमच्या तुकडीत सर्वांत तरुण आणि सर्वांत गरीब अशा माणसांना भालाफेके म्हणून घेत, एका तुकडीमागे १,२००. दोन हात लांब, बोटाएवढा जाड दांडा आणि इतके पातळ पाते की पहिल्याच घावात वाकावे, म्हणजे शत्रूला तो परत फेकता येऊ नये. काहीजण शिरस्त्राणावर लांडग्याचे कातडे घालत, कशासाठी, तर कोण शौर्याने लढतो आहे हे अधिकाऱ्याला लांबून ओळखू यावे. हा तपशील छोटा आहे, पण थांबून विचार करण्यासारखा आहे. सर्वांत गरीब सैनिक ओळखला जावा, त्याच्या पराक्रमाची नोंद व्हावी, अशी सोय त्या फौजेत होती.

रोम समतावादी होते असे मी म्हणत नाही. ते गुलामांच्या पाठीवर उभे होते आणि त्यांच्या सभेत श्रीमंतांची मते आधी मोजत, गरिबाची वेळ येईपर्यंत निकाल लागलेला असे. पण तो गरीब भालाफेक्या नागरिकांच्या यादीत होता. दर पाच वर्षांनी व्हायच्या गणनेत त्याचे नाव, त्याची मालमत्ता लिहिली जाई. यादीत सर्वांत खाली, पण यादीत. त्यामुळे रोमच्या गरिबाला भांडण करता आले. आम्ही लढायला येणार नाही असे म्हणून ते शहर सोडून गेले आणि त्यातून स्वतःचे अधिकारी, स्वतःचे कायदे मिळवले. शस्त्राचे हक्कात रूपांतर होते ते असे. त्यासाठी भाला पुरत नाही. भाला धरणाऱ्याचे नाव कुठेतरी लिहिलेले असावे लागते.

आता आपल्याकडे येऊ. अलेक्झांडरचा नौदलप्रमुख निआर्कस याने भारतीय पायदळाचे वर्णन केले होते, ते पुढे एरियनने उतरवून घेतले. बहुतेकांकडे माणसाच्या उंचीचे धनुष्य; काहींकडे मात्र धनुष्याऐवजी फेकायचे भाले; डाव्या हातात बैलाच्या कच्च्या कातड्याची अरुंद ढाल. ते बैलाचे कातडे कोणी सोलले आणि कमावले, हे एरियनने लिहिले नाही. आपल्याला ते माहीत आहे.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शक्ती, प्रास, कुंत, भिंदिपाल, तोमर अशी भाल्याच्या जातीची कितीतरी शस्त्रे मोजली आहेत. शस्त्रांची यादी झाली की माणसांची यादी येते आणि ती जास्त बोलकी आहे. फौजेचे सहा प्रकार : मौल म्हणजे वंशपरंपरेचे, भृत म्हणजे पगारी, श्रेणींचे, मित्राचे, शत्रूकडून आलेले आणि सर्वांत शेवटी अटवीबल, म्हणजे रानातल्या लोकांची फौज. या क्रमात आधीचा तो नंतरच्यापेक्षा चांगला. शत्रूकडून आलेला सैनिक आपल्याच रानातल्या माणसापेक्षा वरचा, कारण काय, तर त्याचा नायक आर्य असतो. अटवीबलाला वाट दाखवायला घ्यावे, शत्रूच्या रानटी फौजेवर सोडावे, आणि मोबदला द्यावा तो रानातल्या मालात किंवा लुटीत. शिकवलेल्या पायदळी सैनिकाला वर्षाला ५०० पण, सेनापतीला ४८,०००, आणि रानातल्या माणसाला लूट. लूट मिळाली नाही की त्यांच्यापासून सापासारखे भय, हा इशाराही तिथेच आहे.

त्याच प्रकरणात आणखी एक गंमत आहे आणि ती आपल्या मित्रांनी जरूर वाचावी. जुने आचार्य म्हणत की ब्राह्मण, क्षत्रिय, वैश्य, शूद्र या क्रमाने फौज श्रेष्ठ. कौटिल्य म्हणतो, नाही. ब्राह्मणांची फौज शत्रू नुसता पाया पडून फितवील. शिकलेले क्षत्रिय चांगले, नाहीतर संख्येने मोठी वैश्य-शूद्रांची फौज चांगली. याचा अर्थ शूद्राच्या हातात शस्त्र देणे राज्यकर्त्याला मुळीच वर्ज्य नव्हते. गरज पडली की मनूचा नियम गुंडाळून ठेवायचा, गरज संपली की पुन्हा उलगडायचा.

आणि आपणही प्रामाणिक राहू. सम्राट अशोकाचा तेरावा शिलालेख आपण कलिंगच्या पश्चात्तापासाठी वाचतो, आणि वाचायलाच हवा. पण त्याच लेखात तो आपल्या राज्यातल्या अटवीच्या लोकांनाही उद्देशून बोलतो. त्यांची समजूत घालतो, आणि पश्चात्ताप झाला असला तरी शिक्षा करण्याचे सामर्थ्य आपल्याकडे आहे, हेही त्यांना ऐकवतो. धम्माच्या राजाला सुद्धा रानातल्या सशस्त्र माणसाची धास्ती सुटली नव्हती. त्याने त्यांना माणूस म्हणून उद्देशले, हा फरक मोठा आहे. पण धास्ती होतीच.

आमच्या जिल्ह्याच्या वेशीवरच्या अजिंठ्यात १७ व्या लेण्यात सिंहल अवदानाचे मोठे चित्र आहे. हत्ती, घोडे, भाले घेतलेली माणसे. लोक हत्ती बघतात, राजा बघतात, फोटो काढतात. पायदळाकडे बघा. चित्रकाराने त्यांचे चेहरे काढले आहेत, हे काय कमी आहे!

महाभारताने तेवढेही केले नाही असे म्हणता येत नाही, कारण एकलव्याला नाव आहे, बापाचे नाव आहे. तो निषादराज हिरण्यधनूचा मुलगा. त्याच्याकडे शस्त्र होते, कौशल्य होते, राज्यसुद्धा होते. जे नव्हते ते म्हणजे त्या कौशल्याची अधिकृत नोंद. शिष्यांच्या यादीत त्याचे नाव घ्यायला गुरूने नकार दिला, आणि यादीबाहेरचा माणूस यादीतल्यांपेक्षा सरस निघाला तेव्हा अंगठा मागितला. आदिवासी मुलांच्या सरकारी निवासी शाळांना आज एकलव्याचे नाव आहे. नाव देणाऱ्यांनी कथा शेवटपर्यंत वाचली होती का, असा प्रश्न मला दरवेळी त्या पाटीखालून जाताना पडतो.

आक्षेप घेणाऱ्यांना उत्तर इथे मिळते. चातुर्वर्ण्याने शस्त्र हातात येऊच दिले नाही, असा बाबासाहेबांच्या मांडणीचा उथळ अर्थ घेऊ नका. शस्त्र आले, अनेकदा आले. पण ते भाड्याने आले, लुटीच्या बोलीवर आले, यादीत नाव न लिहिता आले. आपले म्हणून, हक्क मागण्यासाठी उगारता येईल असे शस्त्र बहुजनाला मिळू दिले नाही. बाबासाहेबांनी शस्त्र, राजकीय हत्यार आणि शिक्षण ही तीन एका दमात का सांगितली ते यातून कळते. त्यातले एकटे शस्त्र म्हणजे अटवीबल.

खानदेशचा इतिहास याचा पुरावा आहे. सातपुड्यातल्या भिल्लाचे हत्यार भाल्यापेक्षा तीर-कामठा हे खरे, पण लढण्याची रीत तीच. बांबूचा कामठा, त्याला बांबूच्याच सालीची दोरी, अंगावर लंगोटी आणि पाठीशी डोंगर. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि खानदेश कंपनीकडे आला. त्याआधी गावोगावी भिल्ल जागल्या होता, घाटांवर त्याचा पहारा आणि त्याबद्दलचा हक्क होता. हे हक्क कुठे बुडाले, कुठे थकले, आणि भिल्ल डोंगरात गेला. कॅप्टन ब्रिग्जने धुळ्याला ठाणे केले, फौजा सोडल्या. सात वर्षे कंपनीची कवायती पलटण डोंगरात तापाने आणि तिरांनी हैराण होत राहिली. ईटोलियात अथेन्सचे जे झाले तेच.

मग कंपनी कौटिल्यापर्यंत पोहोचली, न वाचता. एल्फिन्स्टन गव्हर्नर असताना १८२५ मध्ये लेफ्टनंट जेम्स आउटरामने धरणगावला खानदेश भिल्ल कोर उभी केली. भिल्लांवर भिल्ल. १८३० मध्ये हीच कोर डांगच्या भिल्ल राजांवर चालून गेली. इंग्रजी पुस्तकांत आउटरामचे केवढे कौतुक आहे : तो त्यांच्यात राहिला, त्यांच्याबरोबर वाघ मारले, विश्वास मिळवला. असेलही. पण कोरमध्ये भरती झालेल्या पहिल्या भिल्लाचे नाव जळगाव जिल्ह्यातल्या किती शिक्षकांना सांगता येईल? आउटरामचे सांगता येते.

खाज्या नाईकाचे उदाहरण घ्या. सेंधवा घाटाच्या राखणीला तो कंपनीच्याच चाकरीत होता. म्हणजे शस्त्र होते, पगारही होता. १८५७ मध्ये तो आणि भीमा नाईक उठले. ११ एप्रिल १८५८ ला सातपुड्यात अंबापाणीला लढाई झाली. भिल्ल खडकांच्या आडून लढले. अनेक पडले, आणि ज्यांना पकडले त्यांच्यातल्या कितीतरी जणांना तिथल्या तिथे लष्करी न्यायाचा देखावा करून गोळ्या घातल्या. बायकांना धरून नेले. आणि वीस वर्षांनी, १८७८ च्या शस्त्र कायद्यात बंदूक-तलवारीबरोबर भाला, भाल्याचे पाते आणि धनुष्यबाण हेही शब्द 'शस्त्र' या व्याख्येत लिहिले गेले. ज्या हत्याराला सैन्य हलके म्हणत होते, त्याचे वजन कायद्याला बरोबर कळले होते.

आता महारांकडे बघा, कारण भीमा कोरेगाव हा विषय आपल्याला इथे टाळता येणार नाही. १ जानेवारी १८१८ ला कोरेगावात लढलेले महार सैनिकही पगारीच होते, कंपनीचेच होते. मग भिल्ल कोर आणि कोरेगाव यांत फरक काय? आपल्यातले काही जण एकाला शौर्य म्हणतात आणि दुसऱ्याला इंग्रजांची चाकरी. हे मला मान्य नाही. आपल्यावर जो आरोप आपले विरोधक करतात तोच आपण सातपुड्यातल्या भावांवर करायचा?

फरक आहे, पण तो शौर्यात नाही. कोरेगावच्या स्तंभावर नावे कोरली गेली. शेवटी 'नाक' असलेली ती नावे आजही वाचता येतात. आणि दुसरे, कंपनीच्या पलटणीत सैनिकांना आणि त्यांच्या मुलांना शिकवायची सोय होती. रामजी सकपाळ सुभेदार झाले, लष्करी शाळेत शिकवू लागले आणि त्यांच्या घरात १८९१ ला महूला भीमराव जन्मले. म्हणजे इथे शस्त्राला यादी मिळाली, शाळा मिळाली. हे लक्षात येताच काय झाले? १८९० च्या दशकात महारांची भरती बंद झाली, आणि ते लढाऊ जातीचे नाहीत असे ठरले! पण उशीर झाला होता. १८९४ मध्ये पलटणीतून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर विनंतीपत्र लिहीत होते. त्यांना लिहिता येत होते. अर्ज, संघटना, सभा, वर्तमानपत्र असा पुढचा सगळा रस्ता तिथून निघतो, तो १९४१ च्या महार रेजिमेंटपर्यंत आणि त्याच्याही पुढे संविधानापर्यंत जातो. भिल्ल कोर मात्र १८९१ मध्येच जिल्हा पोलिसांत विलीन केली गेली. तिच्यातून अर्ज लिहिणारी, हक्क मागणारी पिढी उभी राहिल्याचे दिसत नाही.

दरवर्षी ३१ जुलैला धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यावर आपण जमतो, कारण १९३७ मध्ये बाबासाहेब तिथे राहिले होते. १ जानेवारीला आपल्या गाड्या कोरेगावला जातात. अंबापाणीला किती जातात? शिरपूर, चोपडा, यावलच्या पाड्यांवर काम करताना तरुण मुले मला विचारतात, ताई-दादा लोक, तुमचा स्तंभ आहे, आमचे काय? याचे उत्तर भाषणातून देता येत नाही. एक काम मात्र लगेच करता येण्यासारखे आहे, आणि ते यादीचेच आहे.

वनहक्क कायदा २००६ चा. त्याखालच्या नियमांत दाव्यासाठी कोणते पुरावे चालतील ते दिले आहे. ग्रामसभा आणि पुढच्या समित्यांनी एकाहून अधिक पुरावे विचारात घ्यायचे असतात. त्यात गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब आहे, आणि सरकारी दस्तऐवजांत गॅझेटियरचा शब्द स्पष्ट लिहिला आहे. खानदेशचे गॅझेटियर १८८० चे, मुंबई गॅझेटियरचा बारावा खंड. भिल्लांना चोर, दरोडेखोर म्हणताना त्या साहेबांनी ते कोणत्या डोंगरात, कोणत्या तालुक्यात राहतात तेही तपशिलाने लिहून ठेवले आहे. शिव्यांसकट तो कागद आपल्या उपयोगाचा आहे. दावा भरताना बहुतेक जण दंडाच्या पावत्या जोडतात, त्या जोडाव्यातच. सोबत आपल्या तालुक्याचे ते पान आणि त्याचा मराठी सारांश जोडा, आणि ग्रामसभेच्या ठरावात त्याचा उल्लेख करून घ्या. आपल्या अभ्यासवर्गातल्या ज्यांना इंग्रजी वाचता येते त्यांनी तालुक्यानुसार पाने काढून मराठी करायला घेतली, तर पुढच्या ग्रामसभेच्या आत चोपडा आणि शिरपूरचे काम होऊ शकते. जय भीम. जय जोहार.